कच्च्या टाक्यांची काचेची खोली

आईला सकाळी तासभर कोवळ्या उन्हात बसवा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच क्षणी मी ठरवलं की घराला काचेची खोली बांधायची. (डॉक्टरांनी नुसती गोळी दिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.) आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पायऱ्या उतरून अंगणात जाणं तिला जमत नव्हतं. स्वयंपाकघरामागे घराच्याच पातळीवर उघडा ओटा होता, पण तिथे वारा झोंबायचा. त्याला तीन बाजूंनी काच लावली की वारा बाहेर, ऊन आत आणि आई मध्ये. ऑफिसात आवक-जावक सांभाळताना सोळा वर्षांत मला इतकं मुद्देसूद कधी सुचलं नव्हतं.

माझी बायको शिवणकाम करते. तिने शिवलेला कोट घातला की माझ्यासारख्यालाही खांदे आहेत असं लोकांना वाटतं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

"कापायच्या आधी कच्चे टाके घालून बघू," एवढंच म्हणाली.

गिऱ्हाइकांचे कपडे ज्यात घालून देते ती पारदर्शक प्लास्टिकची कव्हरं तिने काढली. चाळीसेक कव्हरं उसवून, एकमेकांना कच्च्या टाक्यांनी जोडून ओट्याभोवती दोरीला टांगली. दाराच्या जागी चेनसुद्धा लावली. (पहिल्याच दिवशी मी तीत शर्टाचं टोक अडकवून घेतलं आणि वीस मिनिटं धड आत नाही, धड बाहेर नाही असा उभा राहिलो.) आठ दिवस आईने तिथे बसायचं, ऊन कधी येतं आणि किती येतं ते मी लिहायचं आणि रविवारी काचकाम करणारा मिस्त्री मापं घ्यायला आला की ठरवायचं.

मी रजा टाकली. साहेबांनी ती इतक्या आनंदाने मंजूर केली की मला जरा संशयच आला. रजिस्टर आखलं: वेळ, उन्हाची लांबी, आईची तब्येत, शेरा. पहिल्या दिवशी ऊन आलं तेव्हा नेमकी माझी डुलकी लागली होती, म्हणून अंदाजाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ऊन काही रोज नवा विचार करून उगवत नाही. मग मी थेट रविवारपर्यंतचे सगळे रकाने भरून टाकले. ऑफिसात तिमाही अहवाल आम्ही असेच वेळेवर पाठवतो.

चौथ्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं. बायकोने रजिस्टर उघडून वाचलं, "नऊ वाजता भरपूर ऊन. आई प्रसन्न."

समोर आई दोन शाली गुंडाळून बसली होती. मी विचारलं तर "छान आहे रे" म्हणाली. माझं मन मोडू नये म्हणून ती कशालाही छान म्हणेल. लहानपणी मी काढलेल्या घोड्यालाही तिने न चुकता घोडाच म्हटलं होतं.

बायकोने मात्र तिचा हात हातात घेऊन पाहिला. आई रोज सकाळी तिला दिवसभर पुरतील एवढ्या सुया ओवून देते. या घरात आपण अजून उपयोगाचे आहोत, हे तिला त्या सुयांमुळे वाटतं.

"बोटं गारठलीत त्यांची," बायको म्हणाली. "चार दिवस सुया मीच ओवतेय."

मला फार वाईट वाटलं. रजिस्टरात सुयांचा रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ऊन परतलं आणि बायको कापडावर खुणा करायचा निळा खडू घेऊन घरभर फिरू लागली. तासातासाला ऊन जिथे पोचेल तिथे जमिनीवर रेघ मारायची. ओट्यावर साडेदहाला शेजाऱ्यांच्या भिंतीवरून वीतभर ऊन उतरायचं आणि पावणेअकराला जायचं. बैठकीच्या खोलीत मात्र सातपासूनच्या रेघा होत्या, पण खिडकीपुढे माझं कपाट उभं असल्यामुळे त्या बिचाऱ्या दोन्ही बाजूंनी अंग चोरून आत येत होत्या. त्या कपाटात बंद पडलेल्या सगळ्या वस्तूंची माहितीपत्रकं आणि माझ्या प्रत्येक अर्जाच्या तीन-तीन प्रती आहेत. लागतील कधीतरी.

शनिवारी चहा पिताना तिने एक कागद पुढे केला. मी सही केली.

रविवारी मिस्त्री टेप घेऊन आला तर बायको त्याला म्हणाली, "मापं राहू द्या. आधी यांना हे कपाट उचलू लागा."

मी आडवा आलो. माझ्या कपाटाला हात लावायला माझी लेखी परवानगी लागेल, असं मी ठणकावून सांगितलं. तिने शांतपणे कालचा कागद दाखवला. 'खिडकीपुढचं कपाट मागच्या ओट्यावर हलवण्यास माझी हरकत नाही.' खाली माझी सही आणि माझ्याच हातचा शेरा: 'वाचले. योग्य आहे. तातडीने कार्यवाही व्हावी.'

कपाट हललं आणि खोलीत इतकं ऊन आलं की मिस्त्रीही टेप गुंडाळत म्हणाला, "घरातच एवढं ऊन असताना काच लावायला मला बोलावलंत कशाला?" आईची खुर्ची खिडकीशी ठेवली. थोड्या वेळाने तिने सुई उजेडाकडे धरली, दोरा ओला केला आणि पहिल्याच झटक्यात ओवला. मग दुसरी, तिसरी, सात सुया ओळीने उशीत टोचल्या. "आता खरंच छान आहे," ती म्हणाली. बायकोने काही ऐकवलं नाही, नुसती एक सुई उचलून कामाला लागली. अशी बाई मला कशी मिळाली, याचं मला मनापासून नवल वाटलं.

कपाट आता ओट्यावर प्लास्टिकच्या खोलीत असतं आणि त्याच्याशेजारी बहुतेक वेळ मीही. ऊन इथे पंधरा मिनिटंच येतं, पण त्याची नोंद मी नियमाने ठेवतो. पुढच्या महिन्याअखेरपर्यंतची कालच पूर्ण केली.