अंबुआत्येचं सोवळं

तान्ह्या मुलाला पाहायला गेलं की लोक नाक आईचं, कपाळ बापाचं अशी वाटणी करतात. आमची अंबुआत्या पोट दाबून पाहते. पापनाशमला चुलतभावाच्या मुलाच्या बारशात तिने बाळाच्या बेंबीपाशी दोन बोटं टेकवली आणि भरल्या घरात निकाल दिला, "आतडं अगदी डुकराच्या पिल्लासारखं. फार छान अहे." बाळाच्या आईने मूल जे पदराखाली घेतलं, ते आम्ही निघेपर्यंत बाहेर काढलं नाही.

आपलं काही चुकलं असं आत्येला वाटलंच नाही. तिच्या लेखी याहून मोठी स्तुती नाही. ती तंजावूरबाहेरच्या एका प्रयोगशाळेत पशुवैद्य आहे. ज्या विषाणूमुळे तान्ह्या मुलांना जुलाब लागतात, तोच ती डुकराच्या पिल्लांना पाजते आणि त्यांच्या आतड्यात काय घडतं ते पाहते, कारण त्यांचं आतडं आपल्यासारखंच चालतं. पिल्लांबद्दल हळवं बोलणं तिला खपत नाही. "नांव ठेवायचं नाही. नमुना तो नमुना," हे तिचं पालुपद. गल्लीतली पोरं तिला 'पन्नी अत्तै' म्हणतात, म्हणजे डुकरांची आत्या. ती खुशाल ओ देते.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं थोडी उरली असली तरी सोवळं भरपूर उरलंय, आणि त्यातलं निम्मं एकट्या अप्पांकडे आहे. अप्पा म्हणजे माझे वडील, आत्येचे थोरले भाऊ; ती त्यांना अण्णा म्हणते. देवघरातला सांजदिवा लहानपणापासून आत्या लावायची. डुकरांचं काम सुरू झालं आणि अप्पांनी अट घातली: परसात डोक्यावरून पाणी घ्यायचं, मगच देवघरात पाऊल.

आत्येने साफ नकार दिला. ती कामाला लागण्याआधी प्रयोगशाळेत आंघोळ करते, निघतानाही करते. घरी तिसरी कशाला? शिवाय मुद्दा पाण्याचा नव्हताच. तिची पिल्लं आईचं पोट कापून काढलेली. त्यांना हवासुद्धा गाळून मिळते, दूध निर्जंतुक केलेलं, आणि हात लावायचा तो जाड हातमोज्यांतून.

"इतकं सोवळं अख्ख्या तंजावुरांत कोण पाळतं, अण्णा? तुमचा विटाळ त्यांस लागतो. म्हणून मी न्हाऊन आंत जातें."

अप्पा हटले नाहीत, आत्याही नाही. रोज संध्याकाळी ती देवघराच्या दाराशी येऊन उभी राहायची. अप्पा दिवा लावायचे आणि ती बाहेरून वात वाकडी असल्याचं सांगायची. मला विचाराल तर मी आत्येच्या बाजूचा. घरात तसं बोलायची माझी टाप नव्हती, एवढंच.

मग एका शुक्रवारी आत्या कामावरून आली ती कुणाशी न बोलता थेट परसात गेली आणि नेसत्या साडीनिशी डोक्यावर बादल्या ओतू लागली. शेजारच्या माडीवरून कुणीतरी पाहिलंच. दिवेलागण व्हायच्या आत गल्लीभर झालं की पन्नी अत्तै ताळ्यावर आली. जिंकल्याचा एक शब्दही अप्पांनी काढला नाही, हे त्यांचं मोठेपण. काडेपेटी पुढे करून ते उंबऱ्यावरून बाजूला झाले.

"ये, अंबू. लाव."

आत्या ओलेत्यानेच उभी होती. "आज नोको, अण्णा. मज सुतक अहे."

अप्पा चरकले. नात्यातली सगळी म्हातारी माणसं त्यांनी मनात चाचपली असावीत. "कोण गेलं?"

"पिल्लं. आतडं तपासायचं तर शेवटी सगळ्यांस इंजेक्शन देऊन निजवावं लागतं. मींच निजवलं, माझ्या हातानं."

आणि ती रडू लागली. आत्येला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे होऊन तिचा हात धरावा हे मला काही सुचलं नाही.

अप्पांनी पुढे केलेली काडेपेटी मागे घेतली. मग दिवा न लावताच त्यांनी देवघराचं दार ओढून घेतलं.

"किती दिवस धरायचं?" त्यांनी तिला विचारलं.