रूळ उखडू नका

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं, ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. तरी मेहरूणमधून दिल्लीच्या परराष्ट्र खात्याला गेलेली आबांची बठ्ठी, एकूण एक पोस्टकार्डं माझ्याच हातची आहेत.

आबा आमचे शेजारी. बोदवड स्टेशनावर सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले, घरात एकटे. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून लिहायला मी. दुपारच्या बातम्या संपल्या की भिंतीपलीकडून हाक यायची, "ये माय, जग बिघडलं."

मी पदराला हात पुसत जायची. बाहेर मेहरूणच्या तलावावर ऊन हलत असायचं. आबा डोळे मिटून सांगायचे, आणि लिहिता लिहिता मला ते लांबचे देश तलावाच्या पलीकडच्या काठावरच असल्यासारखे वाटायचे. कोणी चोरून बॉम्ब बनवतोय, कोणी पाहणीला आलेल्या माणसांना दारातूनच परत पाठवतोय. आबांचा सल्ला सगळ्यांसाठी एकच : "सिग्नल लाल ठेवा, पण रूळ उखडू नका. उद्या गाडी सोडायची झाली तर?" माल अडवा, बोलणं अडवू नका.

दिल्लीहून कधी उत्तर आलं नाही. "विचार चालू असंल," आबा म्हणायचे.

यावलच्या सख्ख्या धाकट्या भावाशी मात्र त्यांचं बोलणं बारा वर्षं बंद होतं. केळीच्या बागेला पाणी द्यायच्या पाळीवरून.

वाळवंटात आपला अणुस्फोट झाला, त्यानंतर रेडिओवर सांगितलं, आपण पहिला वार करणार नाही. आबा खूश. "लिही माय, अभिनंदन."

मी कधी मधे बोलत नाही. त्या दिवशी कशी कोण जाणे, बोलले. "आबा, यावलचे रूळ आहेत का अजून?"

"यावलला रेल्वेच नाही," आबा म्हणाले आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

चार दिवस हाक आली नाही. मला घास गोड लागेना. पाचव्या दिवशी आली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं : "आमच्याकडून पहिला वार होणार नाही. आमच्याकडे लपवलेलं काही नाही. पाहणीला केव्हाही यावे." पत्ता यावलचा.

मग रोज पोस्टमन यायच्या वेळी पलीकडचा रेडिओ बारीक व्हायचा. तो पुढे गेला की पुन्हा मोठा.

एका दुपारी आबांच्याच नाकाचा एक म्हातारा दारात उभा. खांद्यावर केळीचा घड. "पाहनी करायले आलो."

"कर," आबा म्हणाले. जागचे हलले नाहीत.

त्यानं खरंच पाहणी केली. मी उंबऱ्याशी उभी. पिठाचा डबा उघडला, तळाला मूठभर पीठ. दोरीवर एक सदरा. फळीवर एक ताट, एक वाटी, एक कप.

"भाऊ, बठ्ठं रिकामं."

"लिहिलंच होतं तसं."

त्यानं खांद्यावरचा घड उतरवून फळीवर त्या वाटीशेजारी ठेवला. आबांनी मान माझ्याकडे वळवली.

"माय, तुझ्याकडचा एक कप आण. आमच्याकडं एकच शे."