पाणी गृहीत धरा

आमच्या कार्यालयाच्या कुंपणभिंतीमागे जी वस्ती आहे, तिथल्या नागरिकांमध्ये हात धुण्याबाबत गंभीर उदासीनता असल्याचे सर्वेक्षणात आढळून आले. सर्वेक्षण मीच टंकलिखित केले, तेव्हा खात्रीने सांगू शकतो. तीनशे बारा घरांना विचारले होते, 'आपण जेवणापूर्वी हात का धूत नाही?' उत्तराला चार पर्याय होते: आळस, अज्ञान, अंधश्रद्धा आणि इतर. तीनशे बाराच्या तीनशे बारा घरांनी सांगितले, 'पाणी नाही.' तसा पर्याय फॉर्मात नव्हता, म्हणून सगळी उत्तरे मी 'इतर'मध्ये टाकली. 'इतर' हा रकाना अहवालात मोजत नाहीत, तशी पद्धतच आहे. उरलेल्या शून्य उत्तरांच्या आधारे आळस हे प्रमुख कारण ठरले, कारण यादीत ते पहिले होते.

मी हस्तस्वच्छता कक्षातला वरिष्ठ लिपिक. एकोणीस वर्षांत मी एकही कागद वाचून पुढे पाठवलेला नाही. म्हणूनच माझ्या टेबलावर कधी काही तुंबत नाही.

अहवाल गेला आणि चौथ्या दिवशी वस्तीतली इस्त्रीवाली मावशी नळाचा अर्ज घेऊन आली. कार्यालयातले निम्मे शर्ट तिच्याच हातून जातात, साहेबांचे तर सगळेच. बाई नाकासमोर चालणारी. ज्या घडीवर कपडा आला, त्याच घडीवर परत करणार. तिची पाच वर्षांची नात दर पंधरा दिवसांनी पोट धरून झोपायची. पाणी दोन गल्ल्या पलीकडून, तासभर रांग लावून आणायचे. ते पिण्यात आणि स्वयंपाकात संपायचे, हातांचा नंबर लागायचाच नाही.

"नळ देऊ की," साहेब म्हणाले. "पण सवय नसताना नळ दिला तर पाणी वाया जाणार. आधी सवय, मग नळ."

"अहो साहेब, पण पाण्याशिवाय सवय लागायची कशी?"

"सरावाने."

त्या आठवड्यातच भिंतीच्या वस्तीकडच्या बाजूला पांढरेशुभ्र बेसिन बसले. वर आरसा, बाजूला साखळीने बांधलेला साबण, आणि मधोमध चकचकीत नळ. नळामागे पाइप नव्हता. टिप्पणीत तशी स्पष्ट नोंद होती: 'नळ प्रात्यक्षिकापुरता.' आमच्या कार्यालयाचा पाइप त्याच भिंतीच्या अलीकडून, बेसिनपासून वीतभर अंतरावरून जात होता. परंतु तो पाइप वेगळ्या विभागाचा होता.

गळ्यात शिट्टी अडकवलेल्या प्रशिक्षिका बाई आल्या. त्यांनी हात धुण्याच्या सात पायऱ्या करून दाखवल्या: तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, आवळलेल्या मुठी, अंगठे, नखे, मनगट. प्रत्येक पायरीला एक शिट्टी.

"मॅडम, पाणी?" मावशीने विचारले.

"पाणी गृहीत धरा."

वस्तीने गृहीत धरले. माणसे एकदा मनावर घेतात म्हणजे काय, ते त्या तीन महिन्यांत पाहावे. सकाळी साडेसहाला बेसिनसमोर रांग लागे. चांभार आजोबा सातव्या पायरीनंतर हात असे झटकत, की मागचा माणूस तोंड चुकवून मागे सरे. पोरे एकमेकांवर ओरडत, "धक्का नको ना मारू, माझे हात ओले आहेत!" एक शिवणकाम करणारी बाई अंमळ जास्त वेळ लावते, अशी तक्रार आमच्याकडे लेखी आली. मागच्यांना पाणी पुरत नाही, असे तक्रारीत म्हटले होते. मी ती योग्य त्या विभागाकडे पाठवली.

तिमाही तपासणीत वस्तीला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. साबण जसा आणला तसाच होता, त्यावरचे अक्षरसुद्धा पुसले नव्हते. साबणाच्या उल्लेखनीय काटकसरीबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्र मिळाले.

त्याच दिवशी मावशी आली. डोळे सुजलेले होते. नातीला सलाईन लावले होते.

"सातही पायऱ्या करते हो पोर," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा हात चोळते. तिच्या पोटाला तेवढं गृहीत धरता येत नाही."

मला वाईट वाटले. खरेच वाटले. दोन घास कमी गेले त्या दिवशी. पण टिप्पणीत वाईट वाटण्याला जागा नसते.

साहेबांनाही पाझर फुटला असावा. ते म्हणाले, "आता एकच टप्पा उरलाय. फॉर्म ह-सात भरून आण, नळ मिळालाच समज."

ह-सात म्हणजे वर्तन-निरीक्षण पत्रक. चाळीस प्रौढ व्यक्ती स्वच्छतागृहातून बाहेर येताना हात धुतात का, ते त्यांच्या नकळत पाहून लिहायचे. अट एकच, निरीक्षण वाहत्या नळापाशी झाले पाहिजे.

"वस्तीत वाहता नळ असता, तर मी इथे कशाला आले असते?" मावशी म्हणाली.

साहेबांना बैठकीची घाई होती. आमच्याकडची बैठक 'बैठका कमी कशा कराव्यात' या विषयावर असून ती रोज असते. "जिथे वाहता नळ असेल तिथे बस गं बाई," ते जाता जाता म्हणाले, "पण फॉर्म पूर्ण भर. एकही रकाना मोकळा नको."

मावशीने आदेश घडी न मोडता पाळला. तिच्या पाहण्यातला सर्वांत जवळचा वाहता नळ आमच्याच स्वच्छतागृहात होता. ती शर्टांचे गाठोडे घेऊन समोरच्या बाकावर येऊन बसली. दोन दिवस बसली. कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण इस्त्रीवालीकडे कोणी बघत नाही, सगळे कॉलर बघतात.

तिसऱ्या दिवशी फॉर्म माझ्या टेबलावर आला. अक्षर सरळ, जणू त्यावरूनही इस्त्री फिरवलेली. मी नेहमीप्रमाणे न वाचता वस्तीचे शंभर गुण त्याला जोडले आणि पुढे ढकलला. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. वरच्या कार्यालयात मात्र नवीन अधिकारी आले होते आणि त्यांना अजून कोणी काही सांगितले नव्हते. त्यांनी तो वाचला.

पुढे त्याची प्रत आली तेव्हा मीही वाचला, नोकरीतला पहिलाच. चाळीसपैकी साबणाने हात धुणारे दोन, त्यातला एक कपबशा विसळायला आलेला चहावाला. बोटांची टोके भिजवणारे अकरा. नळ सोडून फोनवर बोलणारे चार. धुतले तर नाहीतच, वर कोणी पाहत नाही ना म्हणून मागे वळून बघणारे सहा. क्रमांक सतरावर मी होतो: 'ओले बोट जिभेला लावून फायलीचे पान उलटले. बोट कशाने ओले, ते विचारले नाही.' क्रमांक एकवर साहेब: 'पाण्याचा उपयोग केला. भांगासाठी.'

प्रतीसोबत आदेश होता. सवय सिद्ध झालेल्या ठिकाणी तातडीने जोडणी द्यावी. सवय आढळली नाही तेथील जोडणी, सवय लागेपर्यंत बंद ठेवावी. आधी सवय, मग नळ, हे आमचेच धोरण.

प्लंबर सकाळी दहाला आला आणि सव्वादहाला निघालासुद्धा. वीतभराचे तर काम होते.

"अहो, हे काय करताय?" साहेब धावत आले.

"भिंतीच्या अलीकडचं बंद, पलीकडचं चालू," तो म्हणाला. "ऑर्डर तुमच्याच सहीनं गेलेल्या कागदावर निघालीय."

पलीकडे रांग लागलेली होतीच. पहिला नंबर मावशीच्या नातीचा होता. तिने सवयीने हात पुढे धरले, तळहातावर तळहात घासला आणि एकदम किंचाळून मागे सरली.

"आजी! हे खरंच ओलं आहे!"

मग जो गोंधळ झाला, त्याला माझ्याकडे नमुना नाही. तीन महिन्यांचा साबण सव्वा तासात संपला. चांभार आजोबांनी हात झटकले, आणि आयुष्यात प्रथमच मागचा माणूस खरोखर भिजला. तो रागावला नाही, पुन्हा झटका म्हणाला. मी खिडकीतून पाहत होतो आणि मला हसू आवरत नव्हते.

दुपारी साहेब स्वच्छतागृहातून बाहेर आले. हात अंगापासून लांब धरलेले. व्हरांड्यात मावशी उभी, शेजारी नात, नातीच्या गळ्यात शिट्टी. प्रशिक्षणासाठी कक्षाने रीतसर बोलावले होते.

"मावशी," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "पाणी?"

"पाणी गृहीत धरा, साहेब. तळहातापासून सुरू करू या."

पोरीने शिट्टी फुंकली.

आम्ही अजून तिसऱ्या पायरीवर अडलो आहोत. नात तेव्हापासून एकदाही आजारी पडलेली नाही. धोरण आता सर्वत्र लागू झाले आहे, आणि संपूर्ण भरलेला ह-सात वरच्यांनी प्रथमच पाहिल्यामुळे मावशीची नेमणूक मुख्य निरीक्षक म्हणून झाली आहे. ती गाठोडे घेऊन इमारतीइमारतींतून, हॉटेलांतून, कार्यालयांतून बसते. तुम्ही तिला पाहिले असेल. म्हणजे पाहिले नसेल.

तुमचा फॉर्म काल माझ्याकडे आला. आता मी वाचून पुढे पाठवतो. घाई होती, टिश्यू संपला होता, नुसता फोनलाच तर हात लावला होता, ही तुमची कारणे मला मान्य आहेत, मी ती व्यवस्थित 'इतर'मध्ये टाकली आहेत. प्लंबर उद्या सकाळी दहाला येईल.