आठ नंबरचा चिखल

सासूबाईंनी गाडी धुतली.

गाडी दारातली असती तर जावयाने आभार मानले असते. पण ती शर्यतीच्या गाड्यांच्या संग्रहालयातली, मधल्या दालनातली, दोरीच्या आतली गाडी होती, आणि तिच्यावरचा चिखल हाच तिचा मान होता. अर्ध्या शतकाहूनही आधी भर पावसात झालेली दिवसभराची आंतरराष्ट्रीय शर्यत तिने जिंकली होती. त्यानंतर तिला कुणी पाणी लावलं नव्हतं. त्या काळी प्रत्येक देशाच्या गाड्यांना ठरलेला रंग असे. ही निळी असल्याचं फलकावर लिहिलेलं होतं, आणि लोक त्या फलकावर विश्वास ठेवत. बॉनेटवरच्या चिखलात एक पंजा उमटलेला होता. जिंकल्यावर दमलेल्या चालकाने तिथे हात टेकला होता, असंही फलक सांगत असे.

ते चालक अजून हयात होते. तरुणपणी त्यांना सगळे ‘वादळ’ म्हणत. दरवर्षी शर्यतीच्या तारखेला ते येत, दोरीच्या आत जात, त्या पंजावर आपला पंजा ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. संग्रहालयाचा व्यवस्थापक, म्हणजे सासूबाईंचा जावई, त्या वेळी दालनाचं दार लोटून घेई आणि बाहेर उभा राही. यंदा डॉक्टरांनी त्यांचा प्रवास बंद केला होता. एकदाच, शेवटचं भेटून जातो, असं त्यांनी संग्रहालयाला कळवलं होतं. ते आज दुपारी यायचे होते.

"आई, हे काय केलंत?" व्यवस्थापकाने दालनाच्या दारातूनच विचारलं.

"पाहुणे गाडी बघायला येणार आणि गाडी अशी? मला तुमचीच लाज वाटली हो! इतकी वर्षं साधं फडकं फिरवलं नाहीत?" सासूबाई पदर सोडवत म्हणाल्या. पहाटे उठून, संग्रहालयामागच्या राहत्या दोन खोल्यांतून बादल्या वाहून त्यांची कंबर धरली होती.

"तो इतिहास होता!"

"असेल. चाकावर चांगला बोटभर साचला होता."

व्यवस्थापक दोरी ओलांडून आत आला. तो गाडीला टेकणार होता, पण इतक्या स्वच्छ गाडीला टेकायची त्याला सवय नव्हती. गाडी खरंच निळी होती. आणि तिच्या दारावर, पांढऱ्या गोलात, इंग्रजी आकड्यात तीन नंबर होता.

फलकावर आठ होता.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही आठाची डावी बाजू घासून काढलीत?"

"जावईबापू, मी डाग काढते. आकडे काढत नाही."

त्याने भिंग आणून बघितलं. तीन हा पहिल्यापासून तीनच होता. पण त्या घटकेला त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं की दुपारच्या आत चिखल परत चढला पाहिजे. तो चढला की पंजाही येईल आणि तीनही झाकला जाईल. पुढचं पुढे बघता येईल. त्याने बायकोला हाक मारली. तिने गाडी बघितली, आईकडे बघितलं आणि फावडं आणलं.

मागच्या अंगणातली माती तांबूस निघाली. दालनात काढलेल्या गाडीच्या फोटोतला चिखल करडा होता. बायकोने चुलीतली राख मिसळली, रंग जमला, पण चिखल चकचकीत रंगावरून घसरून खाली यायला लागला. मग तिने त्यात कणीक मळली. चिखल बसला. तो वाळवायला हेअर ड्रायर लावला, तर सगळ्या दालनात पोळी भाजल्याचा वास सुटला. व्यवस्थापकाने घाईघाईने खिडक्या उघडल्या.

राहिला पंजा. व्यवस्थापकाने स्वतःचा हात टेकला, पण घाईत तो घसरला आणि सहा-सात बोटं उमटली. बायकोच्या बोटातली अंगठी निघेना. शेवटी सासूबाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा सकाळपासून उतरला होता. त्यांनी बाही सावरली, तळवा टेकला आणि अलगद उचलला. पंजा स्वच्छ उमटला. त्यांच्या हातून स्वच्छ सोडून दुसरं काही होणारच नव्हतं.

पाहुणे वेळेच्या आधी आले. सवयच तशी होती. जुन्या शर्यतीत चालक रस्त्याच्या एका कडेला आणि गाड्या दुसऱ्या कडेला उभ्या असत, आणि झेंडा खाली आला की धावत जाऊन गाडीत बसावं लागे. वादळ नेहमी सगळ्यांच्या आधी पोचत. आज ते काठी टेकत, दर चार पावलांना थांबत आले. त्यांच्याकडे बघून व्यवस्थापकाला भडभडून आलं. या माणसाला आपण कणकेसमोर उभं करतोय, या विचाराने त्याला स्वतःची किळस आली.

त्याने दार लोटून घेतलं आणि तिघंही बाहेर उभे राहिले. थोड्या वेळाने आतून वादळांनी हाक मारली.

"जरा आत येता का?"

वादळ अजून पंजावर हात ठेवून उभे होते. त्यांचा हात त्या ठशाच्या चारही बाजूंनी बाहेर आला होता.

"हा हात लहान आहे," ते म्हणाले.

व्यवस्थापकाने तोंड उघडलं, पण सासूबाई त्याच्या पुढे झाल्या.

"हात माझा आहे. गाडीही मीच धुतली. मला वाटलं, तुमचीच गाडी, तुम्हाला बरं वाटेल. या दोघांनी रात्रंदिवस जपलं होतं, त्यांना काही बोलू नका. बोलायचं ते मला बोला."

वादळांनी हात काढला. मग खिशातला रुमाल काढून ते दारावरचा चिखल पुसायला लागले. तो फार सहज निघाला. खालून तीन वर आला. व्यवस्थापकाने डोळे मिटून घेतले.

"ही माझी गाडी नव्हतीच," वादळ म्हणाले. "माझी आठ नंबरची. ती त्याच संध्याकाळी धुतली, फोटोला उभी केली, आणि पुढच्या वर्षी मी ती ठोकून भंगारात घातली. ही माझ्या मित्राची. तो शेवटचा आला."

"पण चिखल..." व्यवस्थापक कसाबसा म्हणाला.

"अहो, जो पुढे असतो त्याच्यावर चिखल उडतो का? मागच्यावर उडतो! दिवसभर मी उडवला, त्याने खाल्ला. अर्ध्या गाड्या पोचल्याच नाहीत. हा पोचला. तो उतरून इथे हात टेकून उभा राहिला तेव्हा सगळे माझ्याभोवती नाचत होते. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही." ते थांबले. "तुमच्या संस्थापकांनी एवढा चिखल बघितला आणि त्यांना वाटलं, हीच जिंकलेली. मी गप्प बसलो. शेवटच्या गाडीला कोण छप्पर देतं? तो गेला, त्यानंतर त्याचा हात एवढ्या एकाच ठिकाणी होता."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"तो चिखल कुठे टाकलात?" वादळांनी विचारलं.

"टाकीन कशी? पाणी वाया घालवत नाही मी. मागच्या दारी गुलाबाच्या कुंड्या आहेत, त्यांना घातलं."

वादळ मागच्या दारी गेले. कुंड्यांतली माती अजून ओली होती, आणि वरती करडा थर बसला होता. त्यांनी वाकून एका कुंडीत तळवा दाबला. कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"ही नेऊ का?"

"न्या की! पण रोज पाणी घाला. आणि उन्हात ठेवा, नुसती शोभेला नको," सासूबाई म्हणाल्या.

फलकावर आता तीन नंबर आहे, आणि ‘शेवटची’ असंही स्पष्ट लिहिलेलं आहे. गाडी दर आठवड्याला धुतली जाते.

त्या दुपारी वादळांनी कुंडी स्वतःच्या गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा बांधला आणि ते निघाले. तिघंही फाटकात उभे राहून बघत होते. माती हलू नये म्हणून ते इतके हळू चालले होते की मागचे ट्रक भोंगे वाजवून पुढे गेले, मग रिकामा टेम्पो गेला, मग सायकलवरच्या दोन बायका बोलत बोलत पुढे गेल्या. वादळ खिडकीतून हात काढून सगळ्यांना वाट देत होते.