गाडी चालू स्थितीत आहे

जी वस्तू रोज उपयोगी पडते तिला कुत्रंही विचारत नाही आणि उपयोगातून गेली की तिचा वारसा होतो, हा जगाचा नियम आहे. बाबांची पिकअप जोवर दुकानातली कपाटं घरोघर पोचवत होती, तोवर तिला घरात ‘ते धूड’ म्हणत. पुढे ती मागच्या शेडमध्ये बंद पडली, हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, आणि एके दिवशी दादाच्या (माझा थोरला भाऊ, नुकताच निवृत्त, म्हणून घराला धोका) लक्षात आलं की हा वारसा आहे.

तत्काळ समिती स्थापन झाली. अध्यक्ष दादा, तज्ज्ञ भावोजी (यांची स्वतःची गाडी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे अनुभव दांडगा) आणि चिटणीस मी. उद्दिष्ट एकच : गाडी रस्त्यावर आणणे.

बाबांना समितीत घेतलं नाही. ती गाडी जन्मभर त्यांनीच चालवल्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती असणं शक्य नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, “अरे, माझं लायसन्स वर्षअखेर संपतंय. डोळे हे असे, पुन्हा काही मिळायचं नाही. त्याच्या आत तुमच्या आईला धरणापर्यंत एक चक्कर मारून आणू दे.”

“सगळ्या गावाची कपाटं फिरवलीत हो तुम्ही,” आई म्हणाली. “मीच तेवढी राहिले.”

समितीने या भावनांची सहानुभूतीपूर्वक नोंद घेतली. (म्हणजे काही केलं नाही.)

मेस्त्रीने आठवड्याभरात इंजिन सुरू करून दिलं आणि म्हणाला, “न्या, फिरा.” समितीला हे फार लागलं. काम इतक्या झटपट झालं तर समिती कशाला हवी?

मग रंगाचा प्रश्न निघाला. खरवडल्यावर वर निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली तपकिरी निघाला. “खिडक्यांना लावून उरेल तो गाडीला फासायचो,” बाबांनी खुलासा केला. उरलेला रंग हा पुरावा धरता येत नाही, असं ठरून समितीने या तिघांपैकी कुठलाच नसलेला, भावोजींना आवडणारा पिवळा रंग मूळ म्हणून जाहीर केला. ठराव एकमताने संमत. (मला झोप लागली होती.)

त्यानंतर डाव्या दाराचा पोचा. मेस्त्रीने तो ठोकून सपाट केला, तेव्हा आई हळहळली. “तो मी पाडला होता रे. हे मला शिकवत होते, खांब मध्ये आला.” म्हणजे पोचा अस्सल होता! समितीने तो पूर्ववत करण्याचे आदेश दिले.

“साहेब, जन्मभर पोचे काढले,” मेस्त्री म्हणाला. “पाडायचं काम पहिलंच.”

पहिला पोचा उथळ आला, दुसरा खालच्या अंगाला गेला. तिसरा मंजूर झाला. आईने तो निरखून पाहिला. “माझा खांब याहून बारीक होता,” ती म्हणाली. पुन्हा ठोकाठोक सुरू झाली. एवढ्यात वर्ष संपलं, आणि बाबांचं लायसन्सही.

पासिंगच्या साहेबांनी गाडीला प्रदक्षिणा घालून ‘रस्त्यावर चालवण्यास योग्य’ असा शिक्का मारला. आई पर्स घेऊन शेडच्या दारात तयार उभी होती.

“मग आता तू चालव,” बाबा दादाला म्हणाले.

समितीने जागच्या जागी बैठक घेतली. पाहणीत असं आढळलं की रस्त्यावर (अ) धूळ असते, (आ) खडे असतात आणि (इ) इतर लोकांच्या गाड्या असतात. सबब, इतक्या चांगल्या स्थितीतली गाडी रस्त्यावर नेणं धोक्याचं आहे. आईला मात्र खास बाब म्हणून, चपला काढून आणि सीटवरचं प्लास्टिक न काढता, पुढे बसण्याची परवानगी मिळाली.

ती बसली. बाबा शेजारी स्टिअरिंग धरून बसले. त्यांनी तोंडानेच हॉर्न वाजवला.

“धरण आलं का हो?”

“आलंच.”

मला फार वाईट वाटलं. पण चिटणिसाला मत नसतं.

आता तुम्ही हसत असाल. अवश्य हसा, असे लोक असतात खरे. हसून झालं की उठा, शोकेसमधल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या त्या कपबश्या काढा आणि आज आईला त्यातून चहा द्या. काय म्हणता, फुटतील?

मग या. समितीला खजिनदार हवाच होता.