बारा टक्के न हलणारे

टायरच्या रबरात सिलिकाची बारीक पूड मिसळतात. त्यामुळे टायर लवकर झिजत नाही, गाडी ओल्या रस्त्यावर घसरत नाही आणि आमच्यासारख्या संशोधन संस्था चालू राहतात. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. त्यातल्या कोणत्या साखळ्या सिलिकाच्या कणांना चिकटून निपचित पडल्या आहेत आणि कोणत्या मोकळ्या फिरताहेत, हे सांगणारे चुंबकीय यंत्र आमच्याकडे आहे. रबराचा तुकडा काचेच्या नळीत घालून चुंबकाच्या पोटात सोडायचा, रेडिओ लहरींचा टोला द्यायचा आणि साखळ्यांचा प्रतिसाद किती वेळात विझतो ते पाहायचे. चटकन विझला तर साखळी जखडलेली, रेंगाळला तर मोकळी. हे यंत्र मी चालवतो.

घरी हे सांगितले तेव्हा बायको म्हणाली, "एकदा घरी आणा की ते. सोफ्यावरून कोण हलत नाही त्याचा लेखी पुरावा मिळेल."

तीन वर्षे या यंत्रावर रबर मोजणाऱ्या संशोधक मुलीला मी ताई म्हणतो. तिच्या प्रबंधाचा शेवटचा नमुना मोजायचा राहिला होता आणि यंत्र वापरायची तिची मुदत शुक्रवारी पाच वाजता संपत होती. त्यानंतर यंत्र सहा महिने दुसऱ्या विभागाकडे जाणार होते, म्हणजे प्रबंध बोंबलला. मुदतवाढीला एकच सही लागत होती, प्रशासन अधिकाऱ्यांची. त्यांना आम्ही सगळे शिक्कासाहेब म्हणतो.

ताईने अर्जासोबत प्रगती अहवाल जोडला. मोकळ्या साखळ्या सत्तर टक्के, जखडलेल्या बारा टक्के, मधल्या अठरा टक्के. मधल्या म्हणजे जागच्या जागी भरपूर वळवळणाऱ्या, पण दोन्ही टोकांना बांधलेल्या असल्याने कुठेच न जाणाऱ्या.

सोमवारी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता: "बारा टक्के रबर कार्यरत नसल्याचे निदर्शनास आले आहे. सदर रबरास कारणे दाखवा नोटीस बजावून पोच सादर करावी."

ताईने नोटीस टाइप करून नळीला चिकटवली. बुधवारपर्यंत रबराने खुलासा दिला नाही, तेव्हा तीन सदस्यांची चौकशी समिती बसली. रबर हजर राहू शकत नसल्याने ताईला बोलावले. मी नळी धरून मागे उभा होतो.

"बारा टक्के लोक काम करत नाहीत, आणि तुम्ही तीन वर्षं नुसतं बघत बसलात?" शिक्कासाहेब म्हणाले.

"लोक नाहीत साहेब, साखळ्या. आणि त्या हलत नाहीत म्हणून तर टायर टिकतो. त्या हलायला लागल्या तर रबर मऊ पडेल."

शिक्कासाहेबांनी अहवाल पुन्हा उघडला.

"म्हणजे न हलणं हेच त्यांचं योगदान?"

"एका अर्थी, हो."

"हे मोजून सिद्ध झालंय?"

"तीन वर्षं मोजतेय, साहेब."

शिक्कासाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. तीस वर्षांच्या सेवेत त्यांना इतके समजून कोणी घेतले नव्हते.

गुरुवारी परिपत्रक निघाले. संस्थेतील बारा टक्के कर्मचाऱ्यांना 'बलवर्धक स्थिर थर' हा दर्जा मिळणार होता. अर्जांची झुंबड उडाली. छाननीत सगळे अर्ज बाद झाले, कारण अर्जदार ते द्यायला स्वतःच्या पायांनी चालत आले होते. आवक-जावक विभागातले दोघे तेवढे बिनविरोध निवडून आले. त्यांना परिपत्रकाचा पत्ताच नव्हता, कारण ते वाटायचे काम त्यांच्याकडेच होते.

शुक्रवारी दुपारी ताई फाईल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, फक्त एक सही."

"मॅडम, विज्ञान तुम्हीच शिकवलंत. या थराच्या मधोमध मी आहे. मी पेन उचललं तर अख्खी संस्था मऊ पडेल."

"पाच वाजता मुदत संपतेय, साहेब!"

"आज सही केली की उद्या दुसरी. मग हलायची सवयच लागते."

ताई बाहेर येऊन बाकावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मला तिची मनापासून दया आली. दया येऊन मी तिथेच उभा राहिलो.

केबिनच्या दाराशी स्टुलावर शिपाई अण्णा बसले होते. त्यांनी विचारले, "ताई, ते तुमचं चिकटलेलं रबर कधीच सुटत नाही का हो?"

"सुटतं की अण्णा," ताई नाक पुसत म्हणाली. "तापवलं की सुटतं."

अण्णा उठले. आत गेले, एसी बंद केला, "भिंतीवरच्या घड्याळाला हवेत" म्हणून रिमोटचे सेल काढून घेतले आणि जाता जाता पश्चिमेच्या खिडकीचा पडदा सरकवला. साहेबांनी हरकत घेतली नाही. हरकत घेणे ही हालचालच झाली असती.

पाचला तीन मिनिटे कमी असताना केबिनचे दार उघडले. साहेब घामाने निथळत, शर्टाची बटणे सोडत बाहेर आले. "वारा! अरे, कोणीतरी वारा घाला!"

ताईने फाईल पुढे केली. "आधी सही, मग वारा."

सही झाली. अर्जाचा कागद ताईने काढून घेतला आणि उरलेल्या फाईलने अण्णा साहेबांना वारा घालू लागले. मी लगबगीने यंत्राच्या खोलीत येऊन बसलो, कारण पाचच्या ठोक्याला चावी पेटीत ठेवायची असते.

पाच वाजून एका मिनिटाने ताई धापा टाकत आली.

"दादा, झाली सही!"

"शाबास! फार छळलं हो तुम्हाला. अशा लोकांमुळेच संस्था बुडतात," मी म्हणालो. "पण चावी पेटीत गेली, ताई. आता सोमवारी विचारू कोणाला तरी."

"पेटी तुमच्यासमोर आहे, दादा."

"हो ना."

"उघडी आहे."

"अगदी खरं." मी मान हलवली, हळहळलो, हात चोळले, टेबलावरचे कागद इकडचे तिकडे केले. उठलो मात्र नाही.

ताईने स्वतःच चावी घेतली, यंत्राचे कुलूप काढले आणि नळी आत सोडली. मी तिला अडवले नाही. अडवायलाही उठावे लागले असते. यंत्राच्या पडद्यावरची नजर न काढता ती फक्त "अठरा टक्के" एवढेच म्हणाली. अजून तो नमुना मोजून व्हायचा होता.

प्रबंध वेळेत पोचला. त्यात पहिले आभार अण्णांचे आहेत. माझे नाव कुठे सापडले नाही.

आता तुमचे बघू. तुम्ही शिक्कासाहेबांना हसलात, ताईसाठी हळहळलात, अण्णांना मनातल्या मनात शाबासकी दिलीत, माझ्यावर तर चिडलातसुद्धा. बरीच वळवळ झाली. तेवढ्यात बसल्या जागेवरून उठलात का, इतकेच मला नोंदवहीत लिहायचे आहे.