साडेबाराचं प्रेशर

आमच्या गाडीतलं पेट्रोलचं प्रेशर रोज दुपारी साडेबाराला जेवायला मिरजेला जातं आणि तीनच्या आत परत येत नाही. गाडी सांगलीतच असते. तेवढ्या वेळात किल्ली कितीही फिरवली, तरी इंजिन नुसतं कुंथतं.

गाडी पंधरा वर्षांची. माझ्या आयुष्यातली पहिली, तीही दुसऱ्याची वापरलेली, म्हणून माझा तिच्यावर जरा जास्तच जीव. तिच्या फेरनोंदणीची तपासणी शुक्रवारी दुपारी एकला ठरली होती. आरटीओच्या साहेबांसमोर गाडी बंद करून पुन्हा चालू करून दाखवायची होती. नाही झाली, तर तिची रवानगी थेट भंगारात.

बाबालाल मिस्त्रींनी तीन दिवस तपास केला. पेट्रोलच्या नळीला प्रेशरचा काटा जोडला. इंजेक्टर गळतात का पाहिलं, ते कोरडे. टाकीकडे परत जाणारी नळी चिमट्यानं दाबून धरली. शेवटी पंपही नवा घातला. सकाळभर काटा तीनवर राहायचा आणि साडेबारा वाजले की शून्यावर यायचा.

"गळती असती तर घड्याळ बघून गळली नसती," हात पुसत ते म्हणाले. "हे आपल्या पायानं जातंय. गाडी कुणाकडनं घेतली?"

"मिरजेच्या आठल्येकाकूंकडून. काका गेल्यावर त्यांनी विकली."

"निघताना त्यांनी काय केलं?"

मी आठवून सांगितलं. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं होतं आणि बॉनेटवर चमचाभर दही घातलं होतं.

बाबालालनी कपाळाला हात लावला. "जे माणूस परत यायचं असतंय, त्याच्या हातावर दही घालत्यात. विकलेल्या गाडीला कुणी घालतंय व्हय? आता ते तिकडं परत जाणारच की."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसनं मिरजेला गेलो. काकूंनी दार उघडलं. "या. ते मघाशीच आलंय."

स्वयंपाकघरात कुकर शिट्टी देत होता. त्याची फाटकी रिंग खिळ्याला टांगलेली होती. झाकणात रिंग नव्हतीच, तरी तीन शिट्ट्या नीट झाल्या. खाली दोन ताटं मांडलेली होती.

"दही सवयीनं घातलं हो," काकू म्हणाल्या. "हे गाडी घेऊन लांब निघाले की मी घालायची, तसा हात गेला. दुकानातून हे रोज साडेबाराला जेवायला यायचे, याच गाडीनं. तुमची अडचण होत असेल तर येऊ नकोस म्हणून सांगते त्याला. ऐकेल ते."

"मग तुमचा कुकर?"

"एकटीचा भात काय, पातेल्यातही होतो."

हे त्या हसत म्हणाल्या, पण मला मुळीच आवडलं नाही.

"काही सांगू नका," मी म्हणालो. "शुक्रवारी तुम्हीच कुकर घेऊन चला."

शुक्रवारी काकू मागच्या सीटवर बसल्या. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर कुकर, कुकरात धुतलेले डाळ-तांदूळ. साडेबाराला कुकर तापला. साहेब आले तेव्हा तिसरी शिट्टी होत होती. त्यांनी काचेतून आत पाहिलं.

"या कोण?"

"आधीच्या मालकीणबाई."

"आणि हा कुकर?"

"गाडीचं प्रेशर या वेळी त्यात असतं."

साहेबांनी फॉर्म उलटसुलट वाचला. "प्रेशर गाडीच्या आत असावं, एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "आत कुठं, ते विचारलेलं नाही. करा चालू."

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. बंद करून पुन्हा चालू केली, तरी झाली. साहेबांनी सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात 'कुकर सुस्थितीत' असं लिहिलं. मला इतका आनंद झाला, की मी स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिलो.

काकूंना घरी सोडलं. त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. निघताना मी चप्पल घालत होतो, तेवढ्यात त्या वाटी घेऊन आल्या. मी हात पुढे केला आणि दही चाटून टाकलं.

तेव्हापासून मी रोज साडेबाराला ऑफिसातून उठतो. गाडी त्या वेळी चालू होत नाही, त्यामुळे बसनं मिरजेला जातो आणि तीनच्या आत परत येत नाही. काकू आता तीन ताटं मांडतात.